बाल्कनीच्या दाराला टेकू नको

क्रूझवर जाऊन आलेली मंडळी नव्याने निघालेल्यांना एक सल्ला हमखास देतात. रात्री बाल्कनीचं दार उघडंच ठेवा, लाटांच्या आवाजात जशी झोप लागते तशी कुठेच लागत नाही. दार वाऱ्याने मिटत असेल तर त्याला खुर्चीचा टेकू द्या, नाहीतर बाथरोबचा पट्टा हँडलला बांधून टाका. दार उघडलं की एसी बंद पडत असेल तर चौकटीतल्या सेन्सरवर फ्रिजचं मॅग्नेट चिकटवा, एसी चालू राहतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आपल्याला मिळालेलं सुख दुसऱ्यालाही मिळावं एवढाच. सल्ला मात्र वाईट आहे. ‘एवढ्याने काय होतंय’ हे उत्तर मी फार जणांकडून ऐकलं आहे, म्हणून त्याने काय होतं ते सविस्तर लिहितो आहे.

आधी एक स्पष्ट करतो. दार उघडूच नका, असं माझं म्हणणं नाही. बाल्कनी बसण्यासाठीच दिलेली असते. पहाटे उठून चहाचा कप घेऊन तिथे बसा, दुपारभर वाचत पडा, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारा. बाहेर पडताना दार उघडा आणि बाहेर बसलात की मागे ओढून घ्या. माझं भांडण आहे ते दार अडकवून झोपी जाण्याशी, अडकवून जेवायला किंवा शो पाहायला निघून जाण्याशी. ज्या दारापाशी जागं माणूस आहे ते दार दोन सेकंदांत बंद होतं. ज्याच्यासमोर खुर्ची ठेवून माणूस निघून गेला ते होत नाही.

या सल्ल्याचं मूळ आपल्या घरच्या संस्कारात आहे आणि तो संस्कार चुकीचा नाही. सकाळी उठल्याबरोबर दारं-खिडक्या उघडायच्या, खोलीत कोंदट वास राहू द्यायचा नाही, आजाऱ्याच्या खोलीत हवा खेळती हवी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चाळींत आणि वाड्यांत समोरासमोरच्या खिडक्यांनीच माणसं उन्हाळा काढत. पण ज्या घरांत हा नियम घडला त्यांत हवा आपली आपण येत होती आणि जात होती. जहाजाची केबिन वेगळ्या विचाराने बांधलेली असते. आजच्या मोठ्या जहाजांवर ती बहुधा कारखान्यात तयार होते आणि पोलादी सांगाड्यात आख्खीच्या आख्खी सरकवली जाते. तिच्यात हवा येते ती छतातल्या जाळीतून, आणि जाते ती बाथरूमच्या छतातल्या झडपेतून. किती आत सोडायची आणि किती ओढून घ्यायची याचं माप जहाज बांधताना ठरलेलं असतं, आणि एकेका डक्टवर अशा कितीतरी केबिन्स असतात. एका केबिनचं बाहेरचं दार रात्रभर सताड उघडं राहिलं की तिच्यातला दाब बाहेरच्या वाऱ्याच्या हाती जातो. केबिन आपल्या तिकिटावर असते, तिच्यातली हवा सगळ्यांच्या हिशोबातली असते.

पाण्याचा प्रश्न तर अगदी शाळेतल्या विज्ञानाचा आहे. अरबी समुद्रावर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता यात नवल काहीच नाही. अशा हवेतल्या वाफेचं २६ अंशांच्या आसपास पाणी होऊ लागतं. केबिनमधला आरसा, छताचा पत्रा, एसीची जाळी यांचं तापमान त्याहून खाली असतं. दार उघडं ठेवून एसी चालू ठेवला की हे सगळं ओलं होतं. थेंब जाळीवरून गादीवर पडतात, कार्पेटमध्ये मुरतात, भिंतीच्या पॅनलमागे जातात आणि तिथे बुरशी धरते. दार उघडं ठेवणारा तिसऱ्या दिवशी घरी गेलेला असतो. तो कुबट वास पुढच्या प्रवाशाच्या वाट्याला येतो, आणि तो बिचारा कोंदट वाटतंय म्हणून पुन्हा दार उघडं टाकतो. शिवाय जहाजावरची वीज कुठल्या तारेतून येत नाही, जहाजाच्याच पोटातल्या जनरेटरमध्ये इंधन जाळून ती तयार होते. दार उघडलं की एसी बंद करणारा सेन्सर नव्या जहाजांवर बसवतात तो यासाठी. त्याच्यावर मॅग्नेट चिकटवणाऱ्याला नियम माहीत नव्हता असं म्हणता येत नाही. नियम समजल्यानंतर त्याने हातांनी केलेली ती फसवणूक आहे.

हे दार प्रत्यक्षात काय करतं ते मी मुंबईहून निघालेल्या एका सफरीत पाहिलं. आमच्या मजल्यावरच्या केबिन्स सांभाळणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा होता. आमच्या शेजारचे लोक नाश्त्याला गेले होते आणि तो टॉवेल घेऊन त्यांच्या केबिनशी आला. कार्ड लावून त्याने दार वीतभर उघडलं आणि ते त्याच्या हातून सुटलं. आत पडदे छताला टेकले होते. टेबलावरचे कागद उडून पॅसेजमध्ये आले. दार आत जाऊन भिंतीवर आपटलं आणि वाऱ्याने पलटी खाल्ली तसं त्याच वेगाने परत येऊन चौकटीवर आदळलं. चौकटीवर टेकलेला हात त्याने वेळेत काढून घेतला. बाल्कनीच्या दारात एक खुर्ची आडवी घातलेली होती, तिच्या पायाला बेल्ट बांधून तो हँडलमधून ओवलेला होता. सोडवायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने मला उजव्या हाताचं मधलं बोट दाखवलं. नख काळं पडलेलं होतं, मागच्या सफरीतलं.

“काका, दार लोकांचं असतं, सापडतात ती आमची बोटं,” तो म्हणाला. “आणि आग लागली तर तुम्ही वर मस्टर स्टेशनला, सगळ्यांनी जमायच्या जागी, जाणार. माझी ड्युटी इथेच, या पॅसेजमध्ये. प्रत्येक दार ठोकून आत कोणी राहिलं नाही ना ते बघायचं.”

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पण मला वाटतं, दाराला टेकू देणाऱ्या प्रत्येकाने त्याचं आगीबद्दलचं बोलणं ऐकायला हवं. गोव्याच्या आणि कोकणाच्या किती घरांतली मुलं जगभरच्या क्रूझ जहाजांवर कामाला आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. खलाशी, इंजिनवाले, वाढपी, केबिनवाले हीच माणसं प्रशिक्षण घेऊन आग विझवतात आणि हीच माणसं प्रवाशांना बाहेर काढतात. दाराचा प्रश्न आहे तो त्यांच्या जिवाचा.

आगीच्या बाबतीत मी अंदाजाने बोलत नाही, घडलेलं सांगतो. २३ मार्च २००६ रोजी ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज ग्रँड केमनहून जमैकातल्या माँटेगो बेकडे चाललं होतं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून साडेतीन हजारांहून अधिक माणसं जहाजावर होती. पहाटे तीनच्या सुमारास दहाव्या डेकवरच्या एका बाल्कनीतून ज्वाळा निघाल्या. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने तपास केला. बहुधा कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक बाल्कनीतल्या जळाऊ वस्तूवर पडलं, सुमारे २० मिनिटं धुमसत राहिलं आणि मग पेटलं, असा त्यांचा निष्कर्ष. दोन बाल्कन्यांमधल्या आडभिंती पॉलिकार्बोनेटच्या होत्या, खुर्च्या प्लास्टिकच्या, खाली पॉलियुरेथेनच्या फरश्या. दहा मिनिटांच्या आत आग अकराव्या आणि बाराव्या डेकवर आणि शेजारच्या अग्निविभागांत पोचली. ती विझायला दीड तास लागला. ७९ केबिन्स निकामी झाल्या, आणखी २१८ केबिन्सना आग, धूर किंवा पाणी यांचा फटका बसला. एक प्रवासी दगावला आणि तेरा जणांवर धुरामुळे उपचार करावे लागले.

एवढ्या आगीत बळींचा आकडा शेकड्यांत का गेला नाही, याचं उत्तर त्याच अहवालात आहे. उष्णतेने बाल्कनीच्या दारांच्या काचा तडकून फुटल्या आणि आग केबिन्समध्ये शिरली. पण प्रत्येक केबिनमधली पाण्याच्या फवाऱ्याची यंत्रणा, आतलं सहजी न पेटणारं सामान आणि केबिनच्या उष्णतारोधक भिंती यांनी तिला तिथेच अडवलं. आग अडली, धूर मात्र अडला नाही. बाल्कन्यांमधलं प्लास्टिक जळून निघालेला दाट काळा धूर केबिन्समध्ये आणि पॅसेजमध्ये शिरला आणि माणसं बाहेर काढणं, विशेषतः बाराव्या डेकवर, अवघड झालं. आता वेळ लक्षात घ्या. पहाटेचे तीन. लाटांचा आवाज ऐकत झोपायचं म्हणून जी दारं अडकवून ठेवतात ती याच वेळी उघडी असतात. काच फुटायला जी काही मिनिटं लागली तेवढी मिनिटं झोपलेल्या माणसाला जागं व्हायला, चष्मा शोधायला, मुलाला उचलायला मिळाली. खुर्ची लावलेल्या दारात ती मिनिटं मिळत नाहीत. धूर सरळ उशीपर्यंत येतो.

यावर कुणी म्हणेल की त्यानंतर नियम बदलले. बदलले, आणि चांगले बदलले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्ती केली आणि १ जुलै २००८ पासून ती लागू झाली. बाल्कन्यांमधल्या आडभिंती न जळणाऱ्याच हव्यात. बाल्कनीतलं सामान सहज पेटणारं असेल तर तिथे आगीची सूचना देणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा हवी. जुन्या जहाजांनाही हे लागू केलं. पण नियम करणाऱ्यांचा अधिकार जहाजाच्या सामानापुरता. आपण बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल, पोहण्याचे कपडे, केबिनमध्ये चार्जिंगला लावलेली पॉवर बँक, उशीखालचा मोबाइल यांच्यावर त्यांचं काय चालणार? आणि आग बाहेरून आत येण्याऐवजी आतच लागली तर उघड्या दाराचं काम अधिकच घातक होतं.

बंद केबिन छोटी असते. तिच्यातला प्राणवायू आगीला फार वेळ पुरत नाही. छताशी गरम हवा साठते, ६०-७० अंशांच्या आसपास फवाऱ्याच्या तोंडाशी असलेली काचेची कुपी फुटते, पाणी सुटतं, पाण्याची वाफ होते आणि आग गुदमरते. सगळी रचना या क्रमावर उभी आहे. त्यात वारा सोडा. छताशी साठणारी उष्णता पांगते आणि कुपी उशिरा फुटते. धूर विरळ होतो आणि सूचना उशिरा मिळते. बारीक फवारा वाऱ्याबरोबर वाहून जातो. आगीला हवा हवी तेवढी मिळते. २० नॉटने जाणारं जहाज ताशी ३७ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने पुढे सरकत असतं. हवा अगदी शांत असली तरी एवढा वारा जहाज स्वतःच निर्माण करतं. तो बाल्कन्यांच्या बाजूने घासत जातो, कधी दारातून हवा आत दाबतो, कधी आतली ओढून घेतो. रात्री कप्तानाने दिशा बदलली की कोणत्या बाजूला काय होईल तेही बदलतं, आणि तुम्ही झोपलेले असता.

वाऱ्यावर चढलेली आग काय करते हे जमिनीवर तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेची राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्था आणि न्यूयॉर्कचं अग्निशमन दल यांनी २००८ मध्ये गव्हर्नर्स आयलंडवरच्या एका रिकाम्या सात मजली इमारतीत मुद्दाम खोल्या पेटवून प्रयोग केले. एकीकडे वाऱ्याकडची खिडकी उघडी आणि दुसरीकडे खोलीचं दार पॅसेजमध्ये उघडं, अशी वाट मिळाली की एका खोलीतली साधी आग पॅसेजमध्ये आणि जिन्यात मुसंडी मारते आणि तिथे पूर्ण पोशाखातला जवानही टिकत नाही. जहाजावर त्या जवानाच्या जागी कोण असतो? केबिनचं दार हाताच्या पाठीने चाचपून, गरम आहे का बघून, ते जपून किलकिलं करणारा कर्मचारी. बाल्कनीचं दार आतून उघडं आहे हे त्याला बाहेरून कळायचा मार्ग नाही.

सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात एक बारीकशी तरतूद आहे, ती प्रवाशांना कुणी सांगत नाही. केबिनचं पॅसेजमध्ये उघडणारं दार आपोआप बंद होणारं असलंच पाहिजे, आणि ते उघडं धरून ठेवणारी कडी, आकडा किंवा अडणा तिथे चालणार नाही. या कठोरपणामागे जळालेली जहाजं आहेत. १९३४ च्या ८ सप्टेंबरला न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ ‘मॉरो कॅसल’ जळालं आणि १३७ माणसं गेली. आत लाकडी सजावट होती, आणि आग लागल्यावरही जहाज काही काळ वाऱ्याच्या तोंडावर पुढे जात राहिलं. त्यानंतर जहाजांचं आतलं बांधकाम, दारं, अग्निविभाग यांचा विचार मुळापासून झाला.

माहीतगार प्रतिवादी इथे मला अडवतात, आणि त्यांचा मुद्दा खरा आहे. ते म्हणतात, करारातली ती अट पॅसेजच्या दाराला आहे. बाल्कनीचं काचेचं दार अग्निरोधक असावं, आपोआप मिटावं, असं करार म्हणत नाही. मग ते उघडं राहिलं तर नियम कुठे मोडला? नियम मोडला असं मी म्हणत नाही. पण खेळती हवा हवी असणारा माणूस एका दारावर थांबतो का, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगावं. वारा आरपार वाहायला दोन दारं लागतात. समोरासमोरच्या केबिन्समध्ये एकाच कुटुंबातली माणसं असली की मुलांच्या ये-जा करण्यासाठी पॅसेजच्या दारातही चप्पल अडकवलेली मी पाहिली आहे. आणि दुसरं दार मुद्दाम उघडं ठेवलं नाही तरी वारा बाल्कनीतून आतली हवा ओढू लागला की ती ओढ त्याला नीट बसू देत नाही. आपोआप मिटणारं दार मिटायला येतं आणि खटका बसायच्या आत अडून राहतं. म्हणजे करारात ज्या दाराबद्दल इतकी काळजी घेतली आहे तेच दार बाल्कनीतल्या खुर्चीने निकामी होतं.

“पण असं कधी झालंय का? टेकू दिलेल्या दारामुळे माणसं मेली असं एक तरी उदाहरण आहे?” हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. टेकू दिलेल्या दाराने आग लागते असं मी म्हटलेलं नाही. दार आग लावत नाही, लागलेल्या आगीला आणि धुराला वाट देतं. आणि हवेसाठी उघडलेल्या खिडक्यांनी जहाजाचं काय होऊ शकतं, याचं उदाहरण शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे.

‘ब्रिटॅनिक’ ही ‘टायटॅनिक’ची धाकटी बहीण. पहिल्या महायुद्धात तिचं तरंगतं रुग्णालय केलं होतं. टायटॅनिकच्या अनुभवानंतर तिच्या तळाशी आणि आडभिंतींमध्ये पुष्कळ सुधारणा केल्या होत्या, पुढचे सहा कप्पे भरले तरी ती तरंगत राहील असा हिशोब होता. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी सकाळी एजियन समुद्रात केआ बेटाजवळ ती सुरुंगावर आदळली. खालच्या डेकवरच्या वॉर्डांत हवा यावी म्हणून परिचारिकांनी तिथल्या गोल खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. असं करू नये असा आदेश होता, तरी उघडल्या होत्या. जहाज कलू लागलं तसं त्या खिडक्या पाण्याच्या पातळीला आल्या आणि समुद्र एकामागून एक खिडक्यांतून आत ओतला गेला. ज्या कप्प्यांना सुरुंगाचा धक्काही लागला नव्हता ते या खिडक्यांतून भरले. टायटॅनिकला बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली होती, तिच्यापेक्षा भक्कम केलेली ब्रिटॅनिक ५५ मिनिटांत गेली. हजाराहून अधिक माणसांपैकी ३० दगावली, बाकीची वाचली ती दिवस असल्याने, किनारा जवळ असल्याने आणि पाणी उबदार असल्याने. त्या परिचारिका बेजबाबदार नव्हत्या. वॉर्डात हवा खेळती ठेवणं हेच त्यांना शिकवलेलं होतं. जमिनीवरच्या रुग्णालयात त्यांचं अगदी बरोबर ठरलं असतं.

कोविडनंतर या वादात एक नवा मुद्दा आला आहे आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ योकोहामात अडकून पडलं. त्यावरच्या ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. खिडकीही नसलेल्या आतल्या केबिन्समधले लोक दिवसेंदिवस कोंडले गेले आणि बाल्कनीवाल्यांना त्यांच्या मानाने मोकळा श्वास घेता आला. तेव्हापासून ‘बाल्कनी म्हणजे ताजी हवा, ताजी हवा म्हणजे आरोग्य’ हे समीकरण पक्कं झालं. बाल्कनीत जाऊन बसणं आरोग्याचं आहे, यात शंका नाही. पण आजारी माणसाच्या केबिनचं बाल्कनीचं दार उघडं राहिलं आणि वारा आत दाबू लागला तर त्या केबिनमधली हवा कुठे जाईल? जिथून वाट मिळेल तिथून, म्हणजे दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये. तिथून शेजारी ये-जा करतात, तिथूनच केबिनवाला मुलगा ट्रॉली नेतो. आजाऱ्याला मोकळी हवा हवी असेल तर त्याने बाहेर बसावं आणि पाठीमागचं दार लावावं. आरोग्याचा मुद्दा काढणाऱ्यांनी तो पॅसेजपर्यंत नेऊन बघावा.

लहान मुलांबद्दल फार लिहावं लागू नये. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने कठड्याची उंची किमान ४२ इंच, म्हणजे साधारण १०७ सेंटिमीटर ठरवली आहे. कठड्याजवळ खुर्ची आली की ही उंची उरत नाही. म्हणून बाल्कनीच्या दाराला वर, मुलाच्या हाताला येणार नाही अशी कडी असते. अडकवून ठेवलेल्या दारात ती कडी असून नसल्यासारखी, आणि टेकू म्हणून लावतात ती खुर्चीच. आजी-आजोबा दुपारी डुलकी घेतायत आणि तीन वर्षांचं मूल जागं आहे, हे चित्र मराठी कुटुंबांच्या सहलीत रोजचं आहे.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. ‘बाल्कनीचे जास्तीचे पैसे मोजलेत, दार उघडं ठेवू नाहीतर बंद, तो आमचा प्रश्न.’ जास्तीचे पैसे बाल्कनीत बसण्याचे आणि समुद्र बघण्याचे असतात. पुढच्या प्रवाशाच्या वाट्याला कुबट वास यावा, केबिनवाल्याची बोटं चेमटावीत, आगीत एखाद्याची मिनिटं कमी व्हावीत, हे कुठल्याच तिकिटात विकलेलं नाही. एसी सोसत नसेल तर तो कमी करता येतो, पूर्ण बंद करता येतो, जास्तीचं पांघरूण मागता येतं. लाटांचा आवाज हवा असेल तर झोपण्याआधी अर्धा तास शाल गुंडाळून बाहेर बसता येतं.

जहाज कंपन्यांना मात्र मी एवढ्यावर सोडणार नाही. दारावर बोटभर रुंदीची सूचना चिकटवून त्यांची जबाबदारी संपत नाही. मॅग्नेटने फसणार नाही असा सेन्सर बनवता येतो. उघडं राहिलेलं दार सेवकांच्या फलकावर दिसेल अशी व्यवस्था करता येते. निघण्याआधी मस्टर ड्रिल होते, तेव्हा लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते प्रत्येकाला दाखवतात. त्याच वेळी बाल्कनीच्या दाराबद्दल कारणासकट दोन वाक्यं सांगितली तर वीस सेकंदही लागणार नाहीत. कारण न सांगता नुसती मनाई केली की लोकांना वाटतं, कंपनी विजेचं बिल वाचवतेय, आणि मग मॅग्नेट निघतं.

आणि आपल्या सहल कंपन्यांचे टूर मॅनेजर. मे महिन्यात आणि दिवाळीत मराठी कुटुंबांचे गटच्या गट मुंबई–गोवा किंवा सिंगापूरच्या क्रूझवर जातात. निघण्याआधीच्या बैठकीत जैन जेवण कुठे मिळेल, इडली किती वाजेपर्यंत असेल, गरब्याला कोणते कपडे, वायफायचं पॅकेज कितीला, हे सगळं मराठीत नीट समजावून सांगतात. दाराबद्दल एक शब्द नसतो. सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरात, दारावर. आईवडिलांच्या वयाची माणसं पहिल्यांदा समुद्रावर निघालेली असतात आणि घरच्यासारखं दार उघडं टाकणं त्यांना स्वाभाविक वाटतं. त्यांना दोष देण्याआधी त्यांना मराठीत सांगा. टूर मॅनेजरांनी पुढच्या बैठकीत जेवणाच्या वेळा सांगण्याआधी हे सांगावं: बाल्कनीत बसा, हवं तेवढं बसा, आत येताना दार ओढून घ्या आणि खटका बसला का ते हाताने तपासा. दाराला खुर्ची, चप्पल, पट्टा, मॅग्नेट काहीही लावू नका. झोपण्याआधी आणि केबिन सोडताना दोन्ही दारं बंद आहेत याची खात्री करा.